खानापूर-कणकुंबीच्या रानात जाताना: आभाळ, वारा, पाणी आणि जनावरं

बेळगावात टिळकवाडीत नुसती भुरभुर असते, म्हणून लोक पातळ जर्किन चढवून गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या दिशेने गाडी काढतात. जांबोटीपर्यंत वायपर सावकाश चालतो. कणकुंबीच्या अलीकडे तो पुरत नाही आणि घाटाच्या तोंडावर पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसेनासा होतो. अंतर पन्नासेक किलोमीटर. तेवढ्यात हवा इतकी पालटते ती का, हे एकदा समजून घेतलं की निम्मी तयारी तिथेच होते. शिवाय रानातल्या जनावरांचं वेळापत्रकही याच हवेवर चालतं. आभाळ वाचता आलं की गवा कुठे असेल आणि आपण कुठे नसावं, या दोन्हीचा अंदाज येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडचा डोंगर म्हणजे हिमालय नव्हे. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि कणकुंबी-चोर्ला त्याच्या फार वर नाही. विरळ हवेने दम लागण्याचा प्रकार इथे नाही. इथे माणूस गारठतो, वाहून जातो, घसरतो, वाट चुकतो आणि मार्च-एप्रिलमध्ये उष्म्याने बसतो.

पहिलं काम: आपण कुठल्या पट्ट्यात जातोय ते ठरवा

नैऋत्येचा वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो आणि सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतो. वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते कड्यावरच ओतलं जातं. पूर्वेकडे उतरेपर्यंत ढग हलके झालेले असतात. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अथणी, सौंदत्तीकडे तो ५००-६०० वर येतो. उलट कणकुंबी, आमगावच्या बाजूला शहराच्या कितीतरी पट. कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांत अगुंबेच्या जोडीने आमगावचं नाव घेतलं जातं ते उगाच नाही.

कणकुंबीला उभं राहिलात की हे पायाखालीच दिसतं. माउली देवीच्या देवळाजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. तिथूनच जवळचा कळसा नाला मात्र म्हादईकडे उतरतो, म्हणजे गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात. कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा या दोन राज्यांत इतकी वर्षं भांडण का चाललंय, हे तिथे उभं राहिल्यावर निराळं समजावून सांगावं लागत नाही.

जाण्यापुरते पट्टे तीन धरा. कड्याचा पट्टा म्हणजे कणकुंबी, पारवाड, चिखले, चोर्ला: आडवा पाऊस, धुकं, वारा. आतला रानाचा पट्टा म्हणजे हेमाडगा, गवाळी, तळेवाडी, देगाव, अर्थात भीमगड अभयारण्य: वारा कमी, पण ओढे जास्त, जळवा जास्त आणि जनावरंही जास्त. तिसरा खानापूर, नंदगडच्या बाजूचा उघडा पट्टा: शेतं, काजूबागा आणि रानाच्या कडेला येणारी जनावरं. लोंढ्याहून कॅसलरॉककडे आणि पुढे काळी व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्यांनी स्वतःला दुसऱ्या पट्ट्यात मोजावं. लहान पोरं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर भर पावसात पहिल्या दोन पट्ट्यांत चालायला नेऊ नका. रस्त्यावरून पाहून परत या.

मग पंधरवडा निवडा

‘जून ते सप्टेंबर पावसाळा’ हा हिशेब इथे फार ढोबळ पडतो. आपल्या शेतकऱ्यांचा नक्षत्रांचा हिशेब जास्त कामाचा आहे.

मृगाच्या आधी, म्हणजे मे अखेरीपासून, काजवे चमकू लागतात. वळवाच्या दोन-चार सरींनी हवा दमट झालेली असते आणि काजव्यांना तीच लागते. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की बेडकांची रात्र सुरू होते. पाण्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला तर तो मलबारी उडत्या बेडकाचा अंड्यांचा पुंजका समजा. पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडावीत म्हणून तो तिथे असतो. हात लावू नका, फांदी वाकवून फोटो काढू नका. याच रात्री घाटरस्त्यावर बेडूक, खेकडे, देवगांडूळ बाहेर येतात आणि चाकांखाली मरतात. देवगांडुळाला साप समजून ठेचणारेही आहेत. तो बिनपायाचा उभयचर आहे, पूर्ण निरुपद्रवी. २००७ मध्ये याच परिसरातल्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी म्हादईचं नाव दिलं. तेव्हा पहिल्या पावसात रात्रीची गाडी काढायचीच असेल तर ती सावकाश चालवा.

पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, म्हणजे साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, हा काळ धबधब्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या मते रानात पाऊल टाकायला हाच सर्वांत वाईट काळ. वनखातं आणि प्रशासन या दिवसांत धबधब्यांवर बऱ्याचदा बंदी घालतं. बंदी असेल तर ‘ओळखीचा माणूस आहे, मागच्या वाटेने नेतो’ असं म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. कारण पाणी मागच्या वाटेलाही तेवढंच असतं.

मघा-पूर्वेनंतर उघडीप वाढते. हस्त ओसरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा चालणाऱ्यांसाठी उत्तम काळ: पाणी अजून आहे, हवा स्वच्छ, फुलपाखरं भरपूर. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे दऱ्यांत कड्यापेक्षा जास्त गारवा साचतो, कारण थंड हवा जड असते आणि रात्री उतारावरून खाली येऊन बसते. नदीकाठच्या मुक्कामाला म्हणूनच जास्तीचं पांघरूण न्यावं. मार्चपासून पुढचं निराळं, ते खाली स्वतंत्र लिहिलंय.

परवानगी

भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. खानापूर किंवा हेमाडग्याच्या वनकार्यालयात आधी विचारा आणि बरोबर वाटाड्या घ्या. बारापेडेच्या गुहांकडे जाण्याचा हट्ट करू नका. तिथे राहणाऱ्या रॉटनच्या वटवाघळाचं वर्णन १९१३ मध्ये झालं आणि नंतर कित्येक दशकं जगात या वटवाघळाची वसती फक्त याच गुहांत माहीत होती. गुहेतला गारवा आणि ओल वर्षभर जवळपास सारखी राहते, त्यावरच ही वसाहत टिकून आहे. बॅटऱ्या मारत दहा माणसं आत शिरली की पिल्लांच्या माद्या उठतात आणि पिल्लं खाली पडतात. रुळावरून दूधसागरकडे चालत जाण्याचाही विचार सोडा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

आदल्या संध्याकाळी काय पाहायचं

मोबाईलवरच्या ‘बेळगाव’च्या हवामानावर जाऊ नका, ते शहराचं असतं. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा, पण तो वाचताना जिल्हा केवढा मोठा आहे तेही ध्यानात ठेवा: सगळ्या जिल्ह्याला पिवळा इशारा असला तर कणकुंबीला तो नारिंगी समजून चाला. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. कड्याच्या पट्ट्यात जुलैमध्ये यातला पहिला आकडा कुणाच्या गप्पांतही येत नाही, इतका तो रोजचा. शेजारच्या उत्तर गोव्याचा आणि सिंधुदुर्गाचा इशाराही जरूर पाहा, कारण आपला ढग आधी त्यांच्यावरून येतो. पणजीच्या रडारचं चित्र उघडलं तर पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज येतो. कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे पर्जन्यमापक ग्रामपंचायत पातळीवर आहेत. आदल्या दिवशी वरच्या बाजूला किती पडला ते त्यावरून कळतं आणि ओढ्याच्या दृष्टीने उद्याच्या अंदाजाइतकाच तो आकडा महत्त्वाचा. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा पावसाचा दिवस मोजतात, त्यामुळे ‘आजचा’ आकडा खरं तर कालचा असतो.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: गावात फोन. खानापूर-हेमाडगा रस्त्यावर हालात्री नाल्याचा पूल पाण्याखाली गेला का, एवढा एक प्रश्न विचारा. तो गेला असेल तर बेत रद्द. गेला नसेल पण पाणी पुलाच्या तळाला टेकलं असेल, तरी रद्दच. आत जाल, पण परतीचा रस्ता राहणार नाही.

अंगावर काय

जुलैत बेळगावात दिवसाचं तापमान २५-२६ अंशांवर असतं. एवढ्यात कुणी गारठतं का, असं विचारणाऱ्याने भिजलेली जीन्स घालून चोर्ल्याच्या वाऱ्यात अर्धा तास उभं राहून बघावं. ओला सुती कपडा आणि जोराचा वारा मिळून शरीरातली ऊब इतक्या वेगाने काढतात की धडधाकट माणूसही थरथरायला लागतो. थरथर थांबून माणूस गप्प झाला, बोलताना अडखळू लागला, की तो बरा झाला असं समजू नका. ते जास्त बिघडल्याचं लक्षण आहे. आडोशाला नेऊन ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. दारू अजिबात नको.

म्हणून पटकन वाळणारी नायलॉनची पँट, लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं बनियन, आणि एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पाठपिशवीच्या तळाशी. छत्री कड्यावर उलटते. आपल्या गवळी-धनगरांची घोंगडी आणि शेतातली खोळ अजून टिकून आहे, कारण लोकर भिजली तरी ऊब धरते आणि खोळ पाठीवरून वारा अडवते. शहरात मिळणारा लांब रेनकोटही चालेल, फक्त तो गुडघ्याखाली लोंबून चालताना अडकता कामा नये.

जळवांचा बाऊ करू नका. पँट मोज्यात खोचा, त्यावर जळवांचे मोजे मिळाले तर घाला, नाहीतर मोज्याच्या वरच्या काठाला चुना-तंबाखू चोळा. चिकटलीच तर नखाने तिचं बारीक तोंड कातडीवरून सरकवा, मग जाडं टोक. मीठ टाकलं किंवा चटका दिला तर ती पोटातलं जखमेत ओकते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण तिची लाळ रक्त गोठू देत नाही. घट्ट दाबून धरा. तिच्यापासून रोग होत नाही. ज्याच्यापासून होतो तो प्राणी वेगळा, त्याच्याकडे शेवटी येतो.

ओढा ओलांडताना

या रानात सगळ्यात जास्त घात पाणी करतं, म्हणून इथे थोडं थांबू.

तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कड्यावर सर कोसळत असेल, तर ओढा अर्ध्या तासात बदलतो. जाताना ओलांडलेल्या प्रत्येक ओढ्याच्या काठाला, पाण्याला अगदी टेकून, एक काडी रोवून जा. पुढे पाच-दहा मिनिटं थांबलात तर मागे वळून बघा. काडी पाण्यात गेली असेल तर त्याच क्षणी परत फिरा, पुढचं ठिकाण कितीही जवळ असो. आणखी खुणा आहेत. नितळ पाणी अचानक चहासारखं लाल होतं, कारण इथली माती जांभ्याची. सुकी पानं, काटक्या एकदम वाहत येतात. आवाज बारीक खळखळीतून जाड, घुमल्यासारखा होतो. यातलं एक जरी झालं तरी काठ सोडून वर चढा. डोहात पोहणाऱ्यांना आवाज देऊन आधी बाहेर काढा. सामानाचं नंतर बघू.

वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका. उतरावंच लागलं तर पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे तोल गेला तर ती टाकून देता येते. बूट घालूनच उतरा, काठी वरच्या बाजूला टेका, तोंड प्रवाहाकडे ठेवून तिरके चाला. धबधब्याच्या माथ्यावरून कधीच नाही. वज्रपोह्यासारख्या ठिकाणी काठाचा खडक शेवाळाने साबणासारखा झालेला असतो आणि तिथे घसरलेल्याला धरायला झुडूपही नसतं. अलीकडच्या काठाला अडकलात तर पलीकडे जाण्याची घाई नको. छोटे ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. भिजत बसणं परवडतं.

वारा कुठून येतो ते बघून चाला

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तुम्ही पूर्वेकडे चालत असाल तर तुमचा वास पुढे जातो, जनावराला आधी कळतं आणि ते बाजूला होतं. पश्चिमेकडे, कड्याच्या दिशेने चालत असाल तर वास मागे राहतो. त्यात पावसाचा आवाज आणि धुकं. म्हणजे अस्वलाला वासही नाही, आहटही नाही आणि नजर तर त्याची मुळात अधू. दहा पावलांवर गाठ पडली की ते घाबरून अंगावर येतं. खानापूर तालुक्यात अस्वलाच्या हल्ल्यांच्या बातम्या नवीन नाहीत. म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध जाताना वळणावळणावर बोला, टाळ्या वाजवा, काठी झाडावर आपटा. शांतपणे चालायचा सल्ला दुसऱ्या दिवसांसाठी ठेवा. पाऊस पडून गेल्यावर वारुळं मऊ होतात आणि अस्वल तिथे उकरत बसतं. ताजी उकरलेली वारुळं दिसली तर त्या वाटेने पुढे जाऊ नका.

गवा धुक्यात रस्त्यावर येतो. त्याचा काळा रंग धुक्यात मिसळून जातो, फक्त पायांचे पांढरे मोजे दिसतात. चोर्ला रस्त्यावर वरचा दिवा (हाय बीम) टाकल्याने धुकं पांढरं होऊन आणखी आंधळं होतं. दिवा खालचाच ठेवा, काच थोडी उघडी ठेवून कान द्या. एक गवा रस्ता ओलांडून गेला तर थांबा, मागे कळप असतो. हॉर्न नको. एकांडा नर रोखून फुरफुरला तर गाडी सावकाश मागे घ्या.

भात पिकू लागलं की, साधारण ऑक्टोबरपासून, दांडेलीच्या बाजूने हत्ती येतात. खानापूरच्या रानकडेच्या गावांत त्या दिवसांत अंधारात पायी किंवा दुचाकीने फिरू नका. गावकरी फटाके लावून, डबे वाजवून हाकत असतील तर बघायला जाऊ नका, बिथरलेला हत्ती पहिल्यांदा नवख्याच्याच वाट्याला येतो.

थंडीत सापांचं निराळं. घोणस, फुरसं सकाळी खडकावर आणि संध्याकाळी तापलेल्या डांबरावर ऊब घेत पडतात. हिरवा चापडा मात्र पावसाळ्यात हाताच्या उंचीवरच्या फांदीला असतो, म्हणून चढताना झुडपं धरून वर ओढून घेण्याची सवय मोडा. साप चावला तर आवळपट्टी नको, चिरणं नको. तो भाग हलू न देता थेट दवाखाना. रानात फोनला रेंज नसते, म्हणून ११२ लावता येईल अशी शेवटची जागा कुठली, ते जातानाच बघून ठेवा.

मार्च ते मे: ऊन, वीज, आग

या दिवसांत ओढे आटतात आणि म्हादईचे डोहच काय ते उरतात. सगळं रान त्या डोहांवर येतं. तुम्ही सकाळी-संध्याकाळी डोहाकाठी डबा उघडून बसलात तर सांबर, गवा, कोळसून तहानलेले मागच्या झाडीत उभे राहतात. दुपारी पाणी भरून घ्या आणि दूर जाऊन बसा. आपलं पाणी माणशी किमान तीन लिटर, बरोबर मीठ-साखर. दमट उष्म्यात घाम वाळत नाही, म्हणून सावलीत बसूनही अंग तापतं. अकरा ते चार चालू नका.

दुपारनंतर पूर्वेला ढगांचे डोंगर उठले की वळीव येणार. जांभ्याच्या उघड्या सड्यावर तुम्हीच सगळ्यांत उंच असता. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तितके किलोमीटर ती दूर. दहा किलोमीटरच्या आत असेल तर सड्यावरून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा, रेंज असेल तिथे उपयोगी पडतं.

आग पेटवूच नका, चुलीलाही नाही. मार्च २०२३ मध्ये पलीकडच्या म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी सगळ्यांनी पाहिल्या.

घरी परतल्यावर

आता तो वेगळा प्राणी. डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत पाचोळ्यात बारीक गोचिडी असतात, तिळाएवढ्या. त्यांच्यातल्या काहींमुळे माकडताप होतो. हा रोग १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१६ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या दोडामार्गातही आढळला. काजूबागांत पाचोळ्यात वाकून काम करणाऱ्यांना याचा धोका सर्वांत जास्त. फिरायला येणाऱ्यांनी पाचोळ्यावर बसू नये, आडवं होऊ नये. मलनाडात यासाठी डेपा तेल वाटतात, मिळालं तर हातापायांना लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका. कानामागे, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली हात फिरवून बघा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, बिडीचा चटका काही नको.

त्यानंतर आठवडाभर लक्ष ठेवा. अचानक भडकलेला ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, कंबर-पोटऱ्यांत वेदना, उलट्या, यातलं काही झालं तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की मी अमुक तारखेला अमुक रानात होतो. पावसाळ्यात चिखलपाण्यातून आल्यावरच्या तापातही हेच सांगायचं, तेव्हा शंका लेप्टोस्पायरोसिसची असते. आणि रानात मेलेलं माकड दिसलं असेल तर जवळ न जाता ती जागा वनखात्याला किंवा गावच्या आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे त्यांना तिथली फवारणी वेळेत करता येते.